नेमाजींच्या अम्मांसाठी केलेली (न केलेली) प्रार्थना

कांचघर, जबलपूर
रविवार, चर्चमधून आल्यावर, जेवणाआधी

तीर्थरूप बेबीआत्या हिला,

आल्हादचा प्रभूच्या नावात सलाम. विनताचाही सलाम, आणि अपूर्वाचा "आत्याआजी को नमस्ते बोलना" हा निरोप, तो आहे तसाच पाठवून राहिलो (मराठी तिला सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच निघते, मी मराठीत रागावतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि जिंकते तीच). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा बांधतेस, की शेजारणींना दाखवून कपाटात ठेवून दिला? अमरावतीची थंडी गुडघ्याला चांगली नाही, सांभाळून राहा. आम्ही सगळे बरे आहोत. फक्त माझ्या जिवाला गेले काही आठवडे थारा नाही. बसलो की उठावंसं वाटते, उठलो की काहून उठलो ते आठवत नाही. विनता म्हणते, तुम्हाला घरात येरझारा घालताना बघून मलाच गरगरते. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच "मग पाळकांना विचार" म्हणशील. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तर झालं असं. जेवणाआधी डोळे मिटून देवाचे उपकार मानायची आपल्या घरातली रीत मी ऑफिसातही सोडली नाही. पण तिथे आम्ही पाच-सहा जण टेबलं जोडून डबे उघडतो, आणि त्यांच्यात ख्रिस्ती मी एकटा. लाज वाटते असं नाही (थोडी वाटते). भीती वाटते असंही नाही (आजकाल थोडी वाटते). पण माणसं पोळीचा तुकडा हातात धरून आपल्यासाठी थांबली आहेत, हे काही बरं दिसत नाही. म्हणून मी एक तोड काढली होती. डबा उघडायचा, चष्मा काढायचा, रुमालाने पुसायचा, डोळे चोळायचे, आणि तेवढ्यात मनातल्या मनात उपकार मानून मोकळं व्हायचं. इतकी वर्षं चाललं होतं. देवाची तक्रार आली नाही.

नेमाजींची आली. विनय नेमा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. माणूस असा की कोणी शिंकलं तरी हे दुपारी आल्याचा चहा घेऊन हजर. त्यांनी एके दिवशी जेवताना खिशातून नेपियर टाउनमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरचं कार्ड काढलं आणि माझ्या डब्याजवळ ठेवलं. म्हणाले, "भैया, रोज खाने के टाइम आँखें मलते हो. दिखा लो. मेरी अम्मा का भी ऐसे ही शुरू हुआ था." सगळे माझ्या डोळ्यांत बघायला लागले. आता खोटं बोललो असतो तर डॉक्टरकडे जावं लागलं असतं, कारण नेमाजी स्वतः स्कूटरवर बसवून घेऊन गेले असते. तेव्हा सांगून टाकलं, डोळे ठीक आहेत, मी प्रार्थना करून राहिलो होतो.

वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. नेमाजींनी कार्ड उचलून खिशात ठेवलं आणि हळूच म्हणाले, "तो एक मेरी अम्मा के लिए भी कर देना. कल ऑपरेशन है." पित्ताशयात खडे, ऐंशीच्या घरातलं वय, वरून शुगर. मी म्हणालो, "ज़रूर करूँगा." मनापासून म्हणालो, आत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की कोणीही मनापासूनच म्हणालं असतं.

आणि विसरलो.

विसरायला कारणं होती, नाही असं नाही. त्या संध्याकाळी अपूर्वाच्या कोचिंगमध्ये पालकांना बोलावलं होतं. (मुलीत क्षमता आहे, पण ती क्षमता बाहेर काढायला अजून एक वेगळी बॅच लावावी लागेल, हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला.) परतताना स्कूटर बंद पडली. घरी आलो तर पाण्याची मोटर जळालेली. मिस्त्री गेला, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी नेमाजींचा फोन, अम्मा ठीक आहेत, ऑपरेशन छान झालं. तेव्हा आठवलं. त्याच आठवड्यात ते खोव्याच्या जलेब्यांचा डबा घेऊन आले आणि सगळ्यांना वाटताना प्रत्येकाला सांगत गेले, "भिंगारदिवेजी ने प्रेयर की थी." मला आधी दिली आणि जास्त दिली. खोव्याची जलेबी तू इथे आली होतीस तेव्हा खाल्ली आहेस. ती तोंडात असताना माणसाला खरं बोलता येत नाही. तीन खाल्ल्या मी.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. आमच्या ऑफिसची एक लहान शाखा मझौलीला आहे, आणि यंदा इथून एकाला तिकडे पाठवायचं ठरलं होतं. समिधा मॅडम जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, भैया, मेरा नाम न आए, इतना कर दो. तासाभराने अतुलबाबू पाणी प्यायच्या निमित्ताने आले आणि म्हणाले की माझं नाव येऊ नये, मॅडमचं आलं तरी चालेल, त्यांचं माहेरच तिकडे आहे. दोघांनाही म्हणालो, करतो. कोणाच्या जावयाचा व्हिसा, कोणाच्या मुलाचा निकाल, सगळ्यांना म्हणत गेलो, करतो. "नाही" म्हणायला तोंड उघडायचो आणि "करतो" निघायचं.

बरं, आता करायला तरी सुरुवात करावी, असं ठरवलं. सिग्नलला स्कूटर थांबली की "हे दयाळू पित्या, समिधा मॅडमची" इथपर्यंत यायचो आणि मागून हॉर्न. सकाळी गुडघे टेकले की मोटरवाल्या मिस्त्रीने किती दिवसांची गॅरंटी दिली होती, ते आठवायला लागायचं. रविवारी चर्चमध्ये मौन प्रार्थना असते, तेव्हा शाळेतल्या हजेरीसारखी भराभर नावं घेतली, अर्ध्यात पेटी वाजायला लागली. उपासनेनंतर आमच्या पाद्रीसाहेबांना गाठलं (तरुण आहेत, भले आहेत, त्या दिवशी माइकची वायर शोधून राहिले होते). ते वायर हातात धरूनच खूश झाले. म्हणाले, बहुत बढ़िया, यही तो गवाही है, सबको संडे को ले आइए.

हे घरी सांगितलं तर विनताने लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "एकालाही आणायचं नाही. तुम्ही चांगल्या मनाने बोलावणार, कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढून भलतंच लिहून टाकणार. पोरीचं परीक्षेचं वर्ष आहे." विनता माझ्याहून जास्त श्रद्धेची आहे, हे तुला माहीत आहे. शुक्रवारचा उपास कोणाला न सांगता करते. पण ती पेपरही वाचते. मला तिचंही पटलं आणि पाद्रीसाहेबांचंही पटलं, आणि मी अंगणात फेऱ्या मारायला गेलो.

दोन-चार दिवसांत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब, चंद्रशेखरजी, आवाज न चढवणारे आहेत. म्हणाले, कोणीतरी सांगितलं आहे की लंचमध्ये तुमची प्रार्थना-सभा चालते. मी म्हणालो, सर, सभा कसली, मी चष्मा पुसतो. ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "मुझे मालूम है. पर घर पे ही कीजिए ना." कोणी सांगितलं असेल, हा विचार करत मी पुढचे काही दिवस डबा खाताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो, प्रत्येकाचं तोंड निष्पाप दिसायचं, भात खाताना सगळ्यांचंच दिसते. (आणि ऐक, केबिनच्या दारापर्यंत पोचलो तर साहेब मागून म्हणाले, वैसे घर पे करते हो तो मेरा बीपी भी देख लेना.)

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आत्या. केबिनमधून बाहेर पडताना मला हलकं वाटलं. अपमान वाटायला पाहिजे होता, नाही तर चीड यायला पाहिजे होती. जुन्या काळच्या विश्वासणाऱ्यांना राजाने मना केलं तर ते छातीठोकपणे प्रार्थना करायचे. मला मना केल्यावर वाटलं, चलो, सुटलो. आता कोणी विचारलं तर सांगायला झालं, साहेबांची मनाई आहे. सांगितलंही. लोकांनी माना डोलावल्या, आणि बंद झालं सगळं. त्या दिवसापासून ही येरझार सुरू आहे. सुटलो म्हणजे कशातून सुटलो, याचं उत्तर मिळत नाही.

त्यातच नेमाजी स्कूटर-स्टँडवर भेटले. अम्मांच्या टाक्यांत पू झाला होता, ताप येत होता, जेवण सुटलं होतं. म्हणाले, "अम्मा आपको बुला रही हैं. कहती हैं, जिसने प्रार्थना की थी, उसको लाओ." संध्याकाळी रांझीला त्यांच्या घरी जायचं ठरलं. रस्ताभर मी टायर पंक्चर होण्याची वाट बघत होतो. ज्या स्कूटरने आयुष्यभर दगा दिला, ती त्या दिवशी घोड्यासारखी पळाली.

घरात टीव्हीवर क्रिकेट, दिवाणावर अम्मा. एवढीशी बाई, पण नजर अशी की मी दारातच चप्पल दोनदा काढली. नेमाजी पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याजवळ उभे, त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात. अम्मांनी त्यांच्या बुंदेलीत विचारलं, "तुमई ने प्रार्थना करी हती?"

हो म्हणायला काय लागत होतं? सगळ्यांना तेच पाहिजे होतं. ताप असलेल्या म्हातारीला हो म्हणणं हे पुण्यच झालं असतं, असंही मनात येऊन गेलं. पण तिने इतकं सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "नहीं अम्मा. करूँगा बोला था. फिर भूल गया."

नेमाजींच्या बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला. नेमाजी ग्लासातल्या पाण्याकडे बघत राहिले. अम्मा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो जलेबी काय की खा लई?"

म्हणजे, मग जलेबी कशाला खाल्ली? मी उभाच राहिलो. मग त्यांनी पाय आखडून घेतले, दिवाणावर जागा केली आणि म्हणाल्या, "अब कर दो. इतईं. हम सुन रए."

आत्या, घराबाहेर मी मोठ्याने कधी प्रार्थना केली नव्हती. चर्चमध्ये पाद्रीसाहेब करतात, आपण आमेन म्हणतो. हिंदीतली वाक्यं उधारीची वाटत होती, मराठीतली आठवत नव्हती. डोळे मिटले आणि जे आलं ते बोललो, अर्धं असं, अर्धं तसं. की या अम्मा आहेत, यांना झोप येत नाही, टाके दुखतात, अन्नाला चव लागत नाही. यांचा मुलगा काळजीने वाळला आहे आणि कोणाला सांगत नाही. मी यांना विसरलो, तू विसरू नको. एवढं म्हणून थांबलो तर अम्मांचा आवाज आला, "बहू के घुटने रै गए." गुडघेही घातले. "बड़े वाले को फोन नईं आत." तेही घातलं. आमेन मी एकटाच म्हणालो.

मग चहा आला, पोहे आले. मी पोहे खाल्ले नाहीत, धीर झाला नाही. फाटकापर्यंत सोडायला नेमाजी आले, तेव्हा माफी मागितली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मैंने सबको बता दिया था, भैया." ते रागावले असते तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

अम्मांचा ताप औषध बदलल्यावर उतरला. आता त्या उठून बसतात, सुनेशी भांडतात. मोठ्याचा फोन अजून आला नाही. दर मंगळवारी ऑफिस सुटलं की मी रांझीला जातो, त्या यादी सांगतात, मी प्रार्थना करतो, त्यांची भर संपेपर्यंत आमेन म्हणता येत नाही. ऑफिसात नेमाजी आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस डबे उघडल्यावर बघतो तर ते घास हातात धरून थांबलेले. बाकीचे जेवून राहिले होते. मीही चष्म्याला हात न लावता डोळे मिटले. मझौलीला अतुलबाबूंचं नाव आलं, त्यात माझा काही हात नाही, पण ते तसं मानत नाहीत.

अपूर्वाने परवा विचारलं, पापा, औषधानेच बरं व्हायचं होतं तर तुमच्या प्रार्थनेने काय झालं? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, फिर भी जाते हो? म्हटलं, मंगळवारी त्या वेणी घालून बसतात, जावं लागते. तिचं समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही. येरझार चालूच आहे, फक्त आता मंगळवारी संध्याकाळी थोडा वेळ बसतो.

विनता ताट वाढून हाक मारते आहे, थांबतो. सर्वांना सलाम सांग.

तुझा,
आल्हाद

ता. क. फोन ठेवताना तू दर वेळी म्हणतेस, "मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते रे, बाबू." आत्या, खरंच करतेस का? रागावू नको. मी आता कोणाला विचारायच्या लायकीचा नाही, तरी विचारून राहिलो. नसशील करत तरी मला काही वाटणार नाही, उलट बरंच वाटेल.

ता. क. पुन्हा. माझ्या घशात एक गाठ आली आहे. शुक्रवारी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत. विनताला माहीत आहे, अपूर्वाला नाही. डॉक्टर म्हणतात, बहुतेक काही नसेल. गुरुवारी संध्याकाळी मी फोन करीन. "करते" म्हणून ठेवून देऊ नको. फोन चालू असतानाच कर, मराठीत, मोठ्याने. मी मधे काही बोलणार नाही.