थोडंसंच

३ नोव्हेंबर, सोमवार

बसली! चारही टेबलं एकदाची बसली. पियुषने सकाळपासून वायरी ओढल्या, मी खाली उकिडवी बसून स्क्रू धरले. एका टेबलाची बोटाने चालणारी काच पुसून होते न होते तोच बाबांनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. काचेने त्यांचं बोट ओळखलं आणि तीन पाटवडी-रस्सा मागवून मोकळी झाली! हसून हसून पोट दुखलं.

कल्पना माझी, चित्रं माझी, बाकी सगळं डोकं पियुषचं. हायवेवरच्या आमच्या हॉटेलात जेवणाऱ्याला रिकाम्या ताटाशी वाट बघायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. ताट हलकं झालं की टेबलाला वजनावरून कळतं. काचेवर अक्षरं येतात — 'अजून काही वाढू?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नको'. 'हो' दाबलं की आत आईच्या चुलीवरचा दिवा लागतो. 'नको' दाबलं की गल्ल्यावर बिल.

पियुष मूळचा आर्वीचा, कॉलेजात माझ्या वर्गात होता. आता पुण्यात नोकरी. सुटी काढून आलाय, महिना संपला की परत जाणार.

४ नोव्हेंबर

तो टेबलाशी बोलतो! "चाल न बापू, काऊन अडून राह्यला?" इतक्या लाडाने माझ्याशी कधी बोलला नाही. टेबल व्हावंसं वाटलं.

शी! काय लिहितेय मी.

७ नोव्हेंबर

विचारलं त्याला.

बाहेर उभं राहून चहा घेत होतो. ट्रकांची रांग चाललेली, त्यामुळे ओरडूनच विचारावं लागलं — "पियुष, इथंच राहून जा न. माझ्यासंगं. कायमचा." असली गोष्ट काय ओरडून विचारायची असते! त्याने कप खाली ठेवला. "नाई व गुंजन. कसं जमन?"

मी बरं म्हटलं आणि दोघांचे कप विसळायला घेऊन गेले.

८ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही आज.

१२ नोव्हेंबर

घोटाळा! टेबलं चालू झाल्यापासून लोक अर्धपोटी उठताहेत. आज तर बाबांचे जुने दोस्त रूपरावजी आलेले. भाकर संपली, टेबलाने विचारलं, त्यांनी भल्या माणसासारखं 'नको' दाबलं. झालं! बिल बाहेर. त्यांचं बोट अजून काचेवरच. बाबांना म्हणाले, "बंडूजी, लय कोरडं हाय तुमचं टेबल. एकदाच विचारते!" आणि गेले. थांबलेच नाहीत.

बाबा माझ्यावर असे उखडले! "माणूस पयल्यांदा हो म्हणते का कधी? पयलं 'नाई' त रीतीचं राह्यते! दुसऱ्यांदा विचारलं का मंग म्हणते, थोडंसंच वाढा. अन् दोन भाकरी खाते! आपल्या दारातून माणूस उपाशी गेला, पोरी!"

खरंच की. मी तरी कुणाच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हटलंय? सगळा जन्म या आग्रहात गेला आणि टेबलाला तेवढंच शिकवायचं राहिलं.

१५ नोव्हेंबर

पियुषशी दिवसभर हुज्जत. "नको दाबलं म्हणजे नको. मशीनले काय समजते?"

मी म्हटलं, मशीनचं सोड, तुला तर समजते ना? वायर तोंडात धरून करायला बसला.

आता पहिल्या 'नको'वर बिल नाही. टेबल पुन्हा विचारतं — 'असं कसं? घ्या की!' आणि या वेळी खाली नवा चौकोन — 'थोडंसंच'. दुसऱ्यांदाही 'नको' आलं तर मात्र ते खरं. मग मागे लागायचं नाही.

२० नोव्हेंबर

'हो' कुणी दाबतच नाही! जो तो पहिल्यांदा 'नको', मग 'थोडंसंच'. आतला दिवा विझायचं नाव घेत नाही. आई म्हणते, "थोडंसंच थोडंसंच करत रश्श्याचा भरला गंज खाली केला लोकायनं!" रूपरावजी परत आले, पोटभर जेवले, टेबलाच्या पाठीवर थाप मारून गेले.

सगळे खूश आहेत. मी सोडून.

२४ नोव्हेंबर

शुक्रवारच्या एसटीने जाणार म्हणाला. बाहेर दोरीवर त्याचा शर्ट वाळत होता, तो पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. वाळलाय की नाही म्हणून! कुणाला फसवतेय मी?

हवाय मला तो. रोज, इथे, वायरी तोंडात धरून बडबडणारा.

मीही एकदाच विचारलं होतं ना? पण भाकरीचं वेगळं, माणसाचं वेगळं. त्याचं 'नाही' रीतीचं नसेल, खरंच असेल तर? दुसऱ्यांदा ऐकायची छाती नाही माझी.

२७ नोव्हेंबर

बॅग भरली त्याने.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जायच्या आधी चार नंबरवर जेवायला बसला. मी समोर जाऊन बसले. विचारलं. परत. "राहून जा न."

ताट रिकामं. पहिलं 'नको' त्याने दाबलेलं, काचेवर टेबलाचाही दुसरा प्रश्न आलेला. त्याने मान खाली घालून एक बोट टेकवलं — 'थोडंसंच'.

आत दिवा लागला. बाबा रस्सा घेऊन धावत आले, मला रडताना पाहून पळी हातात तशीच.

"वाढा न," पियुष म्हणाला. "एसटी गेली त जाऊ द्या."