ज्ञात नेटवर्क

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५. तलासरी

आधी या वहीची माफी मागते. मागची नोंद एप्रिलमधली, तीही अर्ध्यावर सोडलेली. मधे सिन्नरच्या कॉलेजातला संगणक विभाग बंद झाला, त्याबरोबर माझी सतरा वर्षांची नोकरी गेली, आणि ते लिहावं लागू नये म्हणून मी वहीच उघडली नाही. वाईट दिवसांत लिहवत नाही आणि चांगल्या दिवसांत वेळ नाही म्हणते, ही माझी जुनी खोड. आज सबब नाही.

सोमवारपासून एका संस्थेच्या सेवा केंद्रात रुजू झाले. केंद्र खैरपाड्यावर, तलासरीहून जीपने पाऊण तास आत. दोन खोल्या, सहा लॅपटॉप, भिंतीवर वाय-फायचा डबा. पाड्यावरच्या मुलींना टायपिंग शिकवायचं, दाखल्यांचे अर्ज भरून द्यायचे. दर गुरुवारी डहाणूचे एक डॉक्टर पडद्यावर येऊन दोन तास पेशंट बघतात, तेवढा वेळ नेट टिकवणं हे माझं मुख्य काम. राहायला तलासरीत नाक्याजवळ खोली घेतली आहे. समोरून दिवसभर भाताचे भारे जातात.

माणसं चांगली भेटली. जीपवाला लाहू पुढची सीट माझ्यासाठी अडवून ठेवतो. म्हणतो, कॉम्प्युटरवाल्या मॅडम, पुढे बसा, मागे कोंबड्या शाळेला चालल्यात. केंद्र उघडणं, झाडणं, चहा करणं हे धोंडीकडे. पन्नाशीची, काटक, मला एकदम 'बाय' म्हणाली. तिला वाचता येत नाही. हजेरीपटावर अंगठा उठवते आणि उरलेली शाई माझ्या टेबलाच्या कडेला पुसते. वाय-फायला ती 'वारा' म्हणते. तार नाय, काय नाय, मंग वाराच ना बाय? तिची मुलगी कविता, एकोणीस वर्षांची, माझ्या वर्गात आहे आणि सगळ्यांत वेगाने टाइप करते. धोंडी दारातून बघत असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, ती पोर माझी हाय.

खूप दिवसांनी सकाळी उठावंसं वाटतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

डहाणू कार्यालयातले मुकेशभाई आमचे समन्वयक. त्यांच्या आदेशाने शनिवारी सहाही लॅपटॉपवर संगणक प्रणालीची नवी आवृत्ती चढवली. पाच यंत्रं ठीक आहेत. डॉक्टरांसाठी वापरतो तो मुख्य लॅपटॉप मात्र दर सात-आठ मिनिटांनी वाय-फाय सोडतो. कोपऱ्यात 'जोडलेले आहे, इंटरनेट नाही' असं दिसतं. हो, मराठीत. अपग्रेडनंतर त्याची भाषा आपोआप मराठी झाली. मी ती बदलली असण्याची शक्यता तपासली. बदललेली नाही.

आज केलेलं: डबा बंद करून चालू केला. चॅनेल बदललं. वीज वाचवण्यासाठी यंत्राने वाय-फायचं कार्ड झोपवू नये म्हणून सेटिंगमधली तशी खूण काढली. नवा ड्रायव्हर काढून जुना घातला. प्रत्येक उपायानंतर अर्धा तास घड्याळ लावून बसले. काहीच फरक नाही. धोंडी म्हणाली, बाय, तुझा वारा पडला वाटतं. वारा घालायला सूप देऊ का? मुली हसल्या, मीही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मागच्या गुरुवारी डॉक्टर अकरा वेळा तुटले. एक बाई पोट धरून पडद्यासमोर नुसती बसून राहिली. ते माझ्या मनातून जात नाही.

आज सेटिंगमध्ये 'ज्ञात नेटवर्क' ही यादी उघडली. यंत्र पूर्वी ज्या ज्या वाय-फायला जोडलं गेलं त्यांची नावं तिथे साठतात. जुनी फार झाली की कधी कधी घोटाळा होतो. यादीत त्रेचाळीस नावं होती, सगळी माणसांची. माझ्या आधीच्या ऑपरेटरने लोकांच्या मोबाइलचं नेट घेतलं असणार. सगळ्यांत वर 'लाहू' होता. समोर बटण: 'विसरा'. दाबलं.

पाच वाजेपर्यंत जोडणी एकदाही तुटली नाही. जाताना धोंडीने टाळ्या वाजवल्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

डॉक्टरांचे दोन तास विनाअडथळा. मुकेशभाईंचा फोन आला, बेन, कमाल केली तमे.

दोन दिवस जीपवर दुसराच माणूस आहे. लाहू भाताच्या झोडणीला गेला का म्हणून विचारलं. तो म्हणाला, कोण लाहू? हा रूट आठ वर्षं माझाच आहे, मॅडम. मागे बसा, पुढे कायमची पॅसेंजर आहे. पहिल्या दिवसापासून मी पुढे बसते. जीप तीच, आरशाला तीच लाल फीत. थट्टा करत असेल म्हणून मी हसले. तो हसला नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळपासून पुन्हा तेच. यादी उघडली. आता सगळ्यांत वर 'धोंडी'.

धोंडीला विचारलं. तिच्याकडे बटणांचा साधा फोन, त्यात वाय-फाय असणंच शक्य नाही. तिला हसू आवरेना. मी कवा गेले वाऱ्यात? पूस बाय, पूस ते, माझं नाव कशाला अडकवून ठेवतं? मग म्हणाली, थांब, मीच पुसते. पोरगी रोज करते, मी एकदा तरी करू दे. मी तिला खुर्चीवर बसवलं, माऊस हातात दिला. ती अंगठा टेकवायला गेली. अंगठा नाही, हे बोट, असं मी दाखवलं. कविता मागे उभी राहून ओरडत होती, आई, जोरात नको, फुटंल ते. धोंडीने बटण दाबलं आणि हात झटकला, जणू चटका बसला. सगळ्या मुलींनी आरडाओरडा केला.

छान दुपार होती. म्हणून लिहून ठेवते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

केंद्राला कुलूप होतं. दहा वाजता कविता आली आणि तिने कमरेची किल्ली काढून उघडलं. आई बरी नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, किल्ली माझ्याकडेच असते ना मॅडम, रोज.

पुन्हा विचारलं. तिने सरळ सांगितलं की तिला आई नाही. आपली उंची सांगावी तसं सांगितलं. कधी वारली, असं विचारलं. ती म्हणाली, वारली असं नाय, आईच नाय. मी 'धोंडी' म्हणाले. तिने कोण म्हणून विचारलं. पुन्हा म्हणाले. पुन्हा तिने कोण म्हणून विचारलं, तितक्याच कुतूहलाने, जणू पहिल्यांदाच ऐकत होती.

दुपारी त्यांच्या घरी गेले. बाप, चैत्या, खळ्यात भात झोडत होता. त्याने हात थांबवले नाहीत. मॅडम, आमच्यात दोघंच, आणि कामाच्या वेळेला तुमची असली चेष्टा बरी नाय. दांडीवर हिरवं लुगडं वाळत होतं. कोणाचं, असं मी विचारलं. तो लुगड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग शिवी देऊन मला जायला सांगितलं.

नेट उत्तम चालू आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

नीट विचार करते. मी आजारी आहे का? हजेरीपट काढला. नावाच्या रकान्यात काही नाही. त्याच्यापुढे नोव्हेंबरभर अंगठे, निळे, रोजचे. सोळा. टेबलाच्या कडेला शाईचे डागही आहेत. म्हणजे मी आजारी नाही.

काल लिहायचं टाळलं ते आज लिहिते. धोंडीला वाचता येत नव्हतं. बटणावर 'विसरा' लिहिलंय हे मी तिला वाचून दाखवलं नाही. ती 'पुसते' म्हणाली, मी मान हलवली. कोणाला, कशाला, हे विचारण्याइतकं तिला कळायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं. आणि लाहू. रोज ज्याच्या शेजारी बसून आले त्याचं आडनावही मी विचारलं नव्हतं. त्याला कुठे शोधू?

'नेटवर्क जोडा' उघडून हाताने 'धोंडी' टाइप केलं. यंत्राने सुरक्षा की, म्हणजे पासवर्ड, मागितली. तिचं गाव घातलं, कविताचं नाव घातलं, वारा, सूप, लुगडं. दोन तास घातले. 'की चुकीची आहे.' 'की चुकीची आहे.'

ठीक. उद्या पुन्हा.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डॉक्टरांचे दोन तास. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या चष्म्यात खोली दिसत होती. मुकेशभाई खूश. तुमची रीत लिहून पाठवा बेन, बाराही केंद्रांना लावू. मी नाही म्हणाले. कारण काय, तर सांगितलं: माणसं जातात. ते म्हणाले की एकटं राहून असं होतं, दोन दिवस रजा घ्या.

चार वाजता पडद्यावर एक चौकट आली. 'जोडणी टिकवण्यासाठी नेटवर्क विसरा.' खाली एकच नाव, आधीच खूण केलेलं. कविता.

खूण काढली. परत आली. पुन्हा काढली. परत. चौदा वेळा. शेवटी वायर ओढली, यंत्र उलटं करून स्क्रू काढले आणि बॅटरी बाहेर काढली. मुली बघत होत्या. त्यांना म्हणाले, आजपासून हा बंद. नेट नसेल तर नसेल.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मागची पानं वाचली. एका जीपवाल्याचा उल्लेख आहे. नाव दिसतं, वाचता येत नाही. नजर त्यावर टेकते आणि घसरते. चेहरा आठवत नाही. पुढे बसायचे, एवढं मात्र मी लिहिलंय.

अठरा ते अठ्ठावीस. दहा दिवस. म्हणजे मीही विसरते, फक्त उशिरा.

चोवीस अधिक दहा. चार डिसेंबर.

विसरणार नाही. धोंडी धोंडी धोंडी धोंडी.

सोमवार, १ डिसेंबर

वर्गात एकच शब्द सरावाला दिला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत: धोंडी. मुली बघत राहिल्या. हा शब्द काय आहे मॅडम, दिसत नाय, असं म्हणाल्या. रागावले. माझा राग चुकीच्या जागी होता, नंतर माफी मागितली.

फक्त कविताने केलं. वाचून नव्हे. मी एकेक अक्षर सुटं सांगितलं आणि तिची बोटं एकेका अक्षरावर गेली. मग पडद्याकडे बघून रडायला लागली. का रडतेस, तर ठाऊक नाय. कोणाचं तरी हाय ना हे, मॅडम? मी हो म्हणाले, तुझंच. तेवढ्यात वीज गेली.

मुख्य लॅपटॉप टेबलावर चालू होता. बॅटरी माझ्या पिशवीत.

मंगळवार, २ डिसेंबर

मुकेशभाई संतापलेत. शुक्रवारी सकाळी अकराला माणूस पाठवतायत. 'नेटवर्क रीसेट' करणार, म्हणजे यादी एका झटक्यात कोरी. एकेचाळीस नावं आहेत तिच्यात. सगळा पाडा.

लॅपटॉप खोलीवर आणून कपाटात ठेवला. चोरी म्हणा, बेन वेडी झाली म्हणा. देणार नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

धोंडी. हिरवं लुगडं. काटक. बाय म्हणायची. दात — पुढचा एक तुटका? की मी आत्ता रचला? रचलेलं लिहायचं नाही. तुटका दात खोडते.

आवाज गेला. हसायची हे आठवतं, कसं ते —

कपाटातून उजेड येतोय. उघडून बघितलं. यादीत सर्वांत वर माझं नाव. बरं झालं. कविताच्या आधी माझं असू दे.

गुरुवार, ४ डिसेंबर. सकाळ

मागची पानं माझ्याच अक्षरात. एक बाई केंद्र उघडायची. तिने बटण दाबलं, मी तिला बोट दाखवलं. मला ती आठवत नाही. कोणालाच आठवत नाही.

पण मी खोटं लिहीत नाही. म्हणून ती होती.

गुरुवार. दुपार

मुलींना भेटले नाही. दार वाजतंय, उघडत नाही. मुकेशभाईंचे फोन —

नाव निळ्या शाईत समोर आहे. जिभेवर येत नाही. आरशात धरलं, उलटं धरलं. मग पट्टीने झाकलं आणि एकेक अक्षर उघडलं. सुटं वाचता येतं! सुटं अक्षर यंत्र घेऊ शकत नाही. जोडलं की जातं.

माझ्याने जोडलं जात नाही. कविताची बोटं जोडतात. मी सांगितलेली नावं तिच्याजवळ राहत नाहीत, पण तिने स्वतः जोडलेलं — त्या दिवशी ती रडली होती. असं इथे लिहिलंय.

माझं नाव बघायला पान उलटलं, मुखपृष्ठावर होतं ना — नजर —

असू दे. ते नंतर.

उद्या: अकराच्या आत पाड्यावर जाऊन कविताला अक्षरं सुटी सुटी सांगायची आणि तिच्याकडून जोडून घ्यायची. आधी ध. त्याला काना, एक मात्रा. वर अनुस्वार. मग ड, आणि त्याला —