शाब्बास म्हणण्याचा सराव

आदरणीय रंगनाथदादा यांस,

माधवचा नमस्कार. कर्वेनगरहून कात्रजला पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तुम्ही बोलता, मी 'बरं' म्हणतो आणि गोष्ट ठरून जाते. या वेळी तसं होऊ नये म्हणून लिहितोय. तुमची तब्येत ठीक असेल. ललितावहिनींच्या दाढेचं काय झालं? मी बरा आहे. जेवतो. (तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगितलं.)

खराडीच्या ऑफिसातली हिशेबाची जागा तुम्ही माझ्यासाठी धरून ठेवली आहे आणि मी 'एक कोर्स करतोय' म्हणून टाळतोय. कोर्स ऑटिझम असलेल्या मुलांच्या बिहेवियर थेरपिस्टचा आहे. मुलांना हवं ते मागायला, थांबायला, खेळायला शिकवायचं, असं ते काम. मी यात कसा शिरलो हे मलाही नीट कळलेलं नाही. तुमची बहीण हेमा गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण मला काहीतरी समजावत होता (तुम्हीही, पण तुमचा हक्क होता). फक्त वरच्या मजल्यावरचा केयूर काही बोलला नाही. त्याला ऑटिझम आहे. त्याने दाराबाहेरची सगळी पादत्राणं लावून ठेवली, डावी एका भिंतीला, उजवी दुसऱ्या. तुम्ही त्या दिवशी एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून घरी गेलात, तो त्याचाच परिणाम. सगळे चिडले. मला मात्र त्या दिवसांत झालेली तेवढी एकच गोष्ट व्यवस्थित वाटली. पुढे त्याची आई म्हणाली, "काका, तो तुमच्याकडे शांत असतो. तुम्ही हे शिकून का नाही घेत?" मी 'बरं' म्हणालो.

अडचण अशी की मुलाला काही जमलं की त्याच क्षणी, चेहऱ्यावर दिसेल असा आनंद दाखवून कौतुक करायचं असतं. उशीर झाला तर कौतुक कशाचं, ते मुलाला कळत नाही. वर्गातल्या बाकी सगळ्या मुली बाविशीतल्या. डब्यात चेंडू पडला तरी त्या कुणाचा तरी वाढदिवस असल्यासारख्या ओरडतात. मी पहिल्यांदा 'शाब्बास' म्हणालो तेव्हा चैताली मॅडम (आमच्या शिक्षिका, माझ्याहून पुष्कळ लहान) म्हणाल्या, "काका, हे कौतुक आहे की सांत्वन?" मी म्हणालो, सध्या मलाही फरक कळत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दिसेल त्याचं कौतुक करत सुटा, सवय होईल.

पुण्यात हे करून पाहावं. मंडईत यमुनाबाईंना म्हणालो, "वा! काय सुरेख वांगी आहेत!" त्यांनी टोपली मागे ओढली. "टोमणे कशाला मारता? नको असतील तर पुढं व्हा." मी मनापासून म्हणतोय असं सांगितल्यावर त्यांनी एकेक वांगं उलटून तपासलं, मला कीड कुठे दिसली ते बघायला. मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव. 'उद्या पाणी येणार नाही. कारण विचारू नये' ही त्यांची सूचना किती सुवाच्य आहे, असं मी टाळी वाजवून म्हणालो. ते म्हणाले, "माधवराव, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तक्रार असेल तर लेखी द्या." तेव्हापासून जिन्यात भेटले की भिंतीकडे बघतात. घरात कौतुक करायला कुकर आहे. पण तो आधीपासूनच वेळेवर शिट्टी देतो, त्यामुळे प्रगती दिसत नाही.

शुक्रवारी स्पृहाबरोबर पहिला तास झाला. वय सहा, बोलत नाही, हवं असेल त्याचं चित्र समोरच्याच्या हातात द्यायला शिकतेय. तिने साबणाच्या फुग्यांचं चित्र माझ्या हातात ठेवलं. मी इतका तयारीत होतो की 'शाब्बास' एकदम पीएमपीच्या कंडक्टरच्या आवाजात निघालं. ती कान झाकून टेबलाखाली गेली. काय करावं सुचेना, म्हणून मीही टेबलाखाली जाऊन गप्प बसलो. (ते मला येतं.) हळूच एक फुगा सोडला. ती तो फुटेपर्यंत बघत राहिली आणि तेच चित्र तिने पुन्हा माझ्या हातात ठेवलं. मग आणखी एकदा. मॅडम वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "तिच्यासाठी हेच कौतुक." मी विचारलं, म्हणजे मी पास? तर तसं नाही. मूल तसं कौतुक. काहींना मोठ्यानेच लागतं आणि मंगळवारच्या परीक्षेत तेही दाखवावं लागेल. म्हणजे ओरडलो ते चुकलं, गप्प बसलो ते बरोबर आणि परीक्षा ओरडण्याची. यात मी काय शिकलो, तुम्हाला कळलं तर मला सांगा. एवढं मात्र झालं की हे सगळं घरी जाऊन हेमाला सांगायचं, असं ठरवून मी निघालो. जिना चढेपर्यंत तसंच वाटत होतं.

वहिनींना नमस्कार.

आपला,
माधव

ता. क. खराडीची जागा नको. हे वर लिहायचं राहिलं.

पुन्हा ता. क. तरी बुधवारपर्यंत ती कुणाला देऊ नका.

आणखी एक. परीक्षेआधी घरी कुणाला तरी मूल समजून सराव करायचा असतो. वर्गातल्या मुलींकडे आया आहेत, रूममेट आहेत. माझ्याकडे घरात कुणी नाही. रविवारी याल का? सतरंजीवर बसायचं, ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा, मध्येच ते फेकून द्यायचे. ठोकळा नीट बसला की मी टाळ्या वाजवून ओरडेन, तो टोमणा समजू नये. अधूनमधून माझं अजिबात ऐकायचं नाही, हेही त्यात आहे. ते तुम्हाला शिकवावं लागणार नाही.