ढमीच्या पिल्लांचं काय ठरलं

आई, बाबा,

"तुमच्या स्वतःच्या कुत्रीला तपासलंत का कधी?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून आज शाळेत आलेल्या संशोधक बाईंना मी भर वर्गात हे विचारलं. त्या कुत्र्यांमधल्या आनुवंशिक फेफऱ्यावर काम करतात. मला वाटलं, आता चिडतील. पण त्या हसून म्हणाल्या, "सगळ्यात आधी तिलाच तपासलं! दोष निघाला, आणि तोवर तिची सात पिल्लं मी हौसेनं वाटून बसले होते." मग सातही घरी त्या स्वतः जाऊन खरं सांगून आल्या. एका आजोबांनी दारातच झापलं, तरी त्यांच्या पिल्लाला बघायला त्या अजून जातात. काय बाई आहे!

बाबा, आपली ढमी ठणठणीत आहे, पण तिच्या आईला झटके यायचे. विचारलं की तुम्ही "ऊन लागलं असेल" म्हणता. बाई म्हणाल्या, कुत्री धडधाकट असली तरी दोष पिल्लांत उतरू शकतो. म्हणून ढमीला घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत चाललेय. गालाच्या आतून फक्त कापसाचा बोळा फिरवतात. त्याआधी तासभर काही खायचं नसतं, म्हणून तिची वाटी तशीच भरलेली आहे. आई, ओरडू नकोस.

शेजारच्या काकांना ढमीला पुढे होणारं पिल्लू तुम्ही आधीच कबूल केलंत, पण नाही म्हणायला मीच जातेय. बाईंनी सात दारं वाजवली, मला एकच वाजवायचंय. रिपोर्ट येईपर्यंत ढमीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. रविवारी तिला नराकडे न्यायचा तुमचा बेत रद्द, मी ठरवलंय!