चौथ्या शब्दाचं वाक्य

मास्तरीणबाई,

तू क्लासहून येशील तेव्हा मी घरी नसेन. आज माझी सुट्टी असूनही लॉन्ड्रीत पळतोय. तुझी आई फोन उचलत नाही, इस्त्रीच्या खोलीत मशिनांच्या आवाजात तिला ऐकू जात नसणार. साहेबांचा फोन बंद.

तू दिलेले शब्द लिहीत बसलो होतो. चौथा ‘रिप्लेस’. डिक्शनरीत अर्थ सापडला, जुनं काढून नवं बसवणे. वाक्य आपल्याच कामातलं हवं हा तुझा हट्ट, म्हणून डोकं खाजवत होतो, आणि आठवलं. आमच्या बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर पाटी आहे, तिच्यावर हाच शब्द आहे. पुढे ‘बिफोर’, तो तू गेल्या आठवड्यात शिकवलास. त्याच्यापुढे तारीख, दोन वर्षांपूर्वीची. मला वाटायचं, ती व्हॉल्व्ह बसवल्याची तारीख. रोज फडक्यानं पुसतो गं मी ती पाटी!

काल प्रेशरचा काटा लाल रेघेपार गेला, तरी व्हॉल्व्हमधून वाफ सुटली नाही. काटाच बिघडलाय म्हणून मी टिचकी मारली आणि घरी आलो.

बॉयलर आणि आईचं टेबल यांच्यामध्ये एकच भिंत आहे.

तू तिकडे यायचं नाहीस. कसलाही आवाज झाला तरी नाही. शेजारच्या काकूंकडे जाऊन बस.

वही उघडीच ठेवलीय. वाक्य लिहिलंय, त्या व्हॉल्व्हच्या पाटीचंच. रोज माझ्या चुका काढतेस ना, आजही लाल पेन घेऊन नीट बघ. देव करो आणि ते चुकलेलं निघो.

बाबा