बाबांची बाटली

४ फेब्रुवारी

एकशे शहाऐंशी! तिसाच्या आत हवं. मशीन पुन्हा चालवलं, आकडा आधीच माहीत असलेले कंट्रोलचे नमुने तपासले, बाटलीवरचं नाव पुन्हा वाचलं. माझ्याच अक्षरात बाबांचं नाव. पुन्हा एकशे शहाऐंशी.

आणि रक्तातलं क्रिएटिनिन? शून्य पूर्णांक नऊ. अगदी झकास. ते रक्त मीच काढलं होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. एवढे भट्टीवर काम करणारे, सुई म्हटली की लहान मूल!

लघवीतून अल्ब्युमिन जायला लागलंय. मूत्रपिंडाची चाळणी सैल झाली की आधी हेच प्रथिन निसटतं. क्रिएटिनिन बिचारं निम्मं काम बंद पडेपर्यंत तोंड उघडत नाही. परीक्षेत मी यावर दोन पानं लिहिली होती. छान मार्क पडले होते.

काचेच्या भट्टीसमोरचा घाम, पाणी प्यायला फुरसत नाही, वर गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळ्या. दुसरं काय होणार होतं? लॅबमध्ये ही तपासणी सुरू झाली तेव्हा माझ्या डोळ्यासमोर पहिले बाबाच आले. म्हणून तर हट्टाने करवली.

घरी कसं सांगू?

५ फेब्रुवारी

जेवताना सांगितलं. बाबांनी घास तसाच हातात धरून आईकडे पाहिलं. आई तोंड फिरवून हसली. हसली!

“मशीन बिघडलंय तुझं, शास्त्रज्ञबाई.”

“बाबा, दोनदा चालवलं.”

“मग दोनदा बिघडलं. रक्त काय म्हणतंय?”

“नॉर्मल.”

“म्हणजे रक्त खोटं आणि मूत खरं?” असं म्हणून एवढे हसले की ठसका लागला. आई पाठीवर थापट्या मारतेय आणि स्वतःही हसतेय. मी एकटीच ताटाकडे बघत बसले.

‘नॉर्मल’ हा शब्द कोणी रिपोर्टात घातला? लोकांना तो ‘घरी जा’ असा ऐकू येतो.

६ फेब्रुवारी

लॅबच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, एका नमुन्यावर निकाल द्यायचा नाही. ताप, जंतुसंसर्ग, अंगमेहनत, कशानेही वाढतं. चार-पाच दिवसांनी सकाळची पहिली लघवी परत घे. आणि मग हळूच, “मुलगी होऊन बघू नकोस, टेक्निशियन होऊन बघ.”

प्रयत्न करते. जमत नाही.

८ फेब्रुवारी

गोळ्यांची पाकिटं बाबांच्या खिशातून, खुंटीवरच्या शर्टाच्या मागून, घड्याळामागून गोळा केली. कचऱ्यात टाकणार तोच आई धावली. “चांगल्या गोळ्या टाकतेस कशाला? माझ्या कमरेला होतील.” घेऊन गेली. मी वाद घातला नाही, भाजीत मीठ घालू नको एवढंच सांगितलं.

बाबांनी बिनमिठाची भाजी चाखून पाहिली आणि ताटाला नमस्कार केला. “इस्पितळात नेऊन ठेव मला, तिथे बरं जेवण मिळत असेल.”

११ फेब्रुवारी

आज दुसरा नमुना. बाथरूमच्या दाराशी उभी राहिले तर बाबा आतून ओरडले, “आता पहारा देणार का?” आई म्हणाली, “अगं, बापाचा काही मान ठेव. तू आवर तुझं. मी आणून देते.”

आवरून होईतो बाटली टेबलावर होती, पिशवीत नीट गुंडाळलेली. अजून कोमट. देव मानत नाही, तरी बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन मी काहीतरी पुटपुटत होते.

११ फेब्रुवारी, दुपार

दोनशे चार.

स्टोअररूममध्ये फ्रीजर आणि खोक्यांच्या मधे बसून रडले. मॅडम आल्या, दार लोटून गेल्या.

आपल्याकडे डायलिसिसचे पेशंट येतात. नळ्या घातलेले त्यांचे हात मी रोज बघते. शीर सापडत नाही म्हणून मीच त्यांना ‘सॉरी हं काका’ म्हणते. यातल्या कोणाला तरी दहा-बारा वर्षांपूर्वी ही एक बाटली मागितली असती कोणी तर! हे मला वेळेत कळलंय. वेळेत कळूनही काही करता येत नसेल तर कळण्याचा उपयोग काय?

१२ फेब्रुवारी

सांगितलं. बाबा हसले. “आता तर माझी खात्रीच पटली, मशीन गेलं कामातून.”

इतकी खात्री कुठून येते माणसाला?

१३ फेब्रुवारी

बाबा शिट्टी वाजवत कामाला गेले.

१५ फेब्रुवारी

मी घरात न सांगता कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. “क्रिएटिनिन तर छान आहे,” म्हणाले. मी म्हटलं, सर, तेच तर! आणि जे बोलत सुटले ते थांबेचना. चाळणी, अल्ब्युमिन, उष्णता, गोळ्या. त्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं. मग रिपोर्ट पुन्हा वाचले. “बरोबर आहे तुझं. भट्टीवरून काढतो त्यांना. पॅकिंगला घेऊ.”

बाहेर आले तेव्हा वाटलं, आज पदवीचं चीज झालं. घरातली पहिली पदवी! बाबा तिचा फोटो घेऊन अख्ख्या भट्टीभर फिरले होते.

१६ फेब्रुवारी

बाबा आले. बूट काढले नाहीत. तसेच खुर्चीत.

“कोणी सांगितलं डॉक्टरला?”

मी म्हटलं, मी.

तसेच बुटांनिशी उठून आत गेले. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं होतं. आज त्यांनी दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावली. रंग बघून काच कधी तयार झाली ते सांगणारा माणूस! पॅकिंगमधली पोरं म्हणे, “काका, जड उचलू नका हं.” हे त्यांनी मला नाही, आईला सांगितलं. मी भिंतीपलीकडून ऐकलं.

आई मला म्हणाली, “चालत्या-बोलत्या माणसाला तू आजारी करून टाकलंस.”

१७ फेब्रुवारी

आईने माझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं, हाक न मारता.

माझं काय चुकलं? हजारदा विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर येतं, आकडा खरा आहे. पण खऱ्या आकड्याने या घरातलं हसणं गेलं. बाबांच्या नजरेत मी आता त्यांची शास्त्रज्ञबाई नाही, चुगली करणारी कोणीतरी आहे. आणि एवढं करूनही मूत्रपिंड सुधारेलच असं नाही. सांभाळता येईल फक्त. तेही त्यांनी साथ दिली तर. देणार नाहीत.

शिकून आले ते या घरात आणायलाच नको होतं का?

१८ फेब्रुवारी

काही नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी तिसरी बाटली पुढे केली. बाबांनी हिसकून फरशीवर आपटली.

“माझं मूत नव्हतंच ते! दोन्ही वेळा हिचं दिलं. माझ्यात खोट निघाली असती तर भट्टी सुटली असती, म्हणून! आणि बघ, शेवटी तीच गत केलीस माझी. ही कधी एक दिवस तरी पडून राहिलेली पाहिलीस? ठणठणीत बाई! तिलासुद्धा तुझं मशीन आजारी म्हणतं! आता तरी पटलं, कोण खोटं आहे ते?”

आई दाराला टेकून हसत होती. “अहो, पुरे आता. चेहरा बघा पोरीचा कसा झालाय.”