गोदीतलं पाण्याखालचं काम

पौष शु. २, शके १८३१

पुन्हा एक! वरच्या मळ्यातली विहीर. मुलगी सोळा-सतराची, हातात हिरव्या बांगड्या. पाणी असलं गार की दात वाजत होते. वर आणली, काठावर ठेवली आणि लांब जाऊन बसलो. पोलीस पाटील पंचनामा करत होते. कुणीतरी भाकरी आणली, ती दगडावर ठेवून गेला – माझ्या हातात द्यायला नको!

हंडा पडला, मोटेचं कडं पडलं, तर लोक हसत हाक मारतात, "ओ पाणबुडं!" माणूस पडलं की हाक वेगळी. दमलो बाबा आता.

संक्रांत

शेजारचा गेणभाऊ मुंबईहून आला. तिकडे गोदीत हमाल आहे. ओट्यावर बसून सांगत होता – "डोस्क्यावर तांब्याचं टोपडं घालत्यात राव! वर दोघं चाक फिरवत्यात, नळीतनं वारा खाली येतो. घटकाभर पाण्यात ऱ्हायचं. तू तर नुसता दम धरून जातुस, तुला लगीच घेतील."

काम काय? तर बुडालेल्या साखळ्या शोधायच्या, गोदीच्या दरवाज्याचे पत्रे जोडायचे, बोल्ट आवळायचे.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"माणसं कशाला? खाली लोखंड आसतं, लोखंड!"

लोखंड! त्याला आई नसते काठावर ऊर बडवायला. दिवसभर तोच शब्द डोक्यात.

माझी बायको साळू संध्याकाळपर्यंत वाण मांडून बसली. एक बाई फिरकली नाही. मढी काढणाऱ्याच्या घरचं कुंकू आमच्या निरगुडसर गावात कुणी लावून घेत नाही. मी नुसता कुणाच्या विहिरीत डोकावलो तरी बाया घागरी उचलून चालू लागतात – याने पाहिलं, आता कुणीतरी पडणार! असा आमचा मान. शेवटी साळूने तिळगूळ माझ्याच हातावर ठेवला आणि आत गेली. फार वाईट वाटलं.

पौष शु. ९

मंचरच्या बाजारात मदनलालशेठ भेटले. त्यांचा माल मुंबईला जातो, म्हणून गोदीतल्या कामाचं विचारलं. म्हणाले, "जमीन सोडून समुद्रात कशाला मरतोस? कान फुटतात तिथे." म्हटलं, शेठ, इथे दुसरंच काहीतरी फुटतंय. हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

पौर्णिमा

आज शहाणपणाची कमाल केली. टोपड्याची सवय व्हावी म्हणून तांब्याचा हंडा डोक्यावर उपडा घातला आणि आमच्याच विहिरीत उतरलो. हंडा मला वर ओढतोय, मी खाली जातोय! शेवटी हंडा सुटला, काठ नाकाला लागला, सालपट गेलं. साळू वर पदर तोंडाला लावून हसत होती. "ह्ये साहेबाला दाखवा म्हंजी झालं!" आमची धाकटी लेक तापाने गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. नाक झोंबतंय, तरी बरं वाटलं.

पौष व. ३

ठरलं. परवा गेणभाऊबरोबर जायचं. जम बसला की साळूला नेईन.

पोलीस पाटलांना सांगून आलो. ते चिडले. "तू गेल्याव काडायचं कुनी?" माझंही डोकं फिरलं. म्हटलं, पडूच देऊ नका की! एवढी वर्षं मी काढतोय, या पोरी-बाया का पडतात हे एकदा तरी विचारलंत का कुणाला? मीही कधी विचारलं नाही म्हणा.

पौष व. ४

साळूला पुन्हा विचारलं, जाऊ ना? "जावा," म्हणाली. एवढंच.

पौष व. ५

सकाळी साळू वाटेची भाकरी बांधत होती. मान वर न करता बोलली –

"धाकटी गेली तवा म्या बी बसले व्हते. आपल्याच हिरीवर, पाय आत सोडून. मंग मनात आलं, काडाया तुमीच येनार. म्हून उठले."

दारात थांबलेल्या गेणभाऊला म्हटलं, तू हो पुढं. साळूजवळ जाऊन बसलो. बांधलेली भाकरी सोडली, अर्धी तिच्या हातात दिली.